तिसरी कुठाय?

परवा आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा झाला. स्टेजवर बाईंचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं – ‘चारित्र्य घडवणाऱ्या आमच्या बाई’. एकेक जण उठून बोलत होती. बाईंनी शिस्त लावली, बाईंनी वळण लावलं, बाई नसत्या तर आम्ही कुठे असतो. मग टाळ्या. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, पर्स घेतली आणि सरळ बाहेर येऊन रिक्षा केली. घरी आल्या आल्या सुनेच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली नि वांगी चिरायला बसले. अशी चिरली, की तिने ती हळूच माझ्यापुढून काढून घेतली.

गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तो मी आज पाळणार नाही. एवढं मात्र सांगते, की राग कितीही असला तरी मी बाईंना ‘त्या’च म्हणते. ते वळणही त्यांनीच लावलेलं आहे, आणि काही केल्या जात नाही.

आमची शाळा नन्सची होती. इंदूरला रेसिडेन्सीच्या बाजूला, दगडी, उंच कमानींची. होळकरांचं संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझे बाबा आधी संस्थानाच्या कचेरीत कारकून होते, ते आता मध्य भारताच्या सचिवालयात लागले. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला. त्यामुळे दिवाळीच्या आसपास बाबा फायलींच्या पेट्यांबरोबर ग्वाल्हेरला जायचे आणि उन्हं तापायला लागली की परत यायचे. घरात मी एकटी मुलगी आणि दोन धाकटे भाऊ. बाबांना इंग्रजीचं भारी कौतुक, म्हणून मला नन्सच्या शाळेत घातलेलं. आईला वाटायचं पोरगी बाटणार. ती रोज संध्याकाळी मला आधी हातपाय धुवायला लावायची, मग बोलायची.

शाळेत रोज दुसऱ्या तासाची घंटा झाली की वर्गाचे दोन भाग पडायचे. ख्रिश्चन मुली रांगेने चॅपलमध्ये कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करायला, जायच्या. उरलेल्या आम्ही, म्हणजे मराठी, मारवाडी, दोन बोहरी आणि एक पारशी, वर्गातच मॉरल सायन्सला बसायचो. आमच्या धर्मात नन्स हात घालत नसत, म्हणून आमच्या नीतीसाठी त्यांनी आमच्यातलंच माणूस ठेवलं होतं. ते माणूस म्हणजे बाई.

पांढरी सुती साडी, काळी किनार, पायांत कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात काळी छत्री. वय पन्नाशीच्या अलीकडे. लग्न केलं नव्हतं. त्या खुर्चीला कधी टेकल्या नाहीत. “चारित्र्य पाठीत असतं,” असं त्यांचं म्हणणं होतं. “पाठ वाकली की समजायचं, पोरगी आता झूठ बोलणार.” वर्गातून फिरताना पोक काढून बसलेल्या मुलीच्या पाठीला छत्रीची मूठ लागायची. जोरात नाही, पण लागायची. माझी पाठ या वयातही ताठ आहे. डॉक्टर कौतुक करतात, तेव्हा मी विषय बदलते.

पुस्तक नव्हतं. जे सुचेल ते मॉरल सायन्स. एका थंडीत बाईंनी सोमवारी वर्गातल्या प्रत्येकीला गजकाची, म्हणजे तीळगुळाची, एक वडी दिली आणि बजावलं, की शुक्रवारी ही मला जशीच्या तशी परत पाहिजे. संयम शिकायचा होता. बुधवारपर्यंत साऱ्या डेस्कांना मुंग्या लागल्या. शुक्रवारी आम्ही मुंग्या झटकत वड्या काढल्या. एका बोहरी मुलीने उभं राहून सांगितलं, “बाई, मैं तो सोमवार को ही खा गई.” बाई तिच्याजवळ गेल्या, तिची पाठ चाचपून बघितली, सरळ आहे म्हणाल्या आणि राहिलेल्या सगळ्या वड्या तिलाच देऊन टाकल्या. त्या दिवशी मला बाई फार आवडल्या होत्या.

आवडण्यासारखं आणखीही होतं. आमच्या वर्गातल्या एका मारवाडी मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या वडिलांनी तिला मॅट्रिकच्या आधीच शाळेतून काढलं. बाई त्यांच्या पेढीवर गेल्या आणि दाराच्या पायरीवर छत्री उघडून बसल्या. शेठजींनी आत बोलावलं, पाणी धाडलं, हात जोडले. “बाईजी, लोग क्या कहेंगे?” बाई म्हणाल्या, “वही तो. लोग पूछेंगे तो मैं बताऊँगी.” शेठजींनी संध्याकाळी कबूल केलं. मुलगी परीक्षेला बसली, पासही झाली. परवा स्टेजवर सर्वांत जास्त रडून बोलली ती तीच. तिचं मी समजू शकते. पण मला हा प्रसंग आठवला की उलट जास्तच संताप येतो. म्हणजे बाईंना भांडता येत होतं. कोणासाठी पायरीवर बसायचं, ते त्यांना कळत होतं.

आता त्या नियमाबद्दल.

आमच्या शाळेत दोन मुलींनी दोघीच असणं चालत नसे. फिरायचं तर तिघींनी. डबा खायचा तर तिघींनी. नळावर पाणी प्यायला, लायब्ररीत, घरी जाताना फाटकापर्यंतसुद्धा तिघींनी. दोघी गप्पा मारत चालल्या आहेत असं दिसलं, की मागून कॅनव्हासच्या बुटांचा आवाज न होता बाई यायच्या आणि दोघींच्या मधोमध छत्री घालायच्या.

“तिसरी कुठाय?”

“बाई, आम्ही फक्त…”

“तिसरी कुठाय?”

मग जवळपास जी कोणी असेल तिला त्या हाक मारून आमच्यात सोडायच्या. वर्गात नलू नावाची एक जाडी, शांत मुलगी होती. तिचं कोणाशीच वाकडं नव्हतं, म्हणून ती कायमची तिसरी झाली. या जोडीतून त्या जोडीत तिची बदली व्हायची. ती आमच्या शेजारी उभी राहून बोरं खायची आणि म्हणायची, “तुम्ही बोला ना गं, मी ऐकतच नाहीये.” खरंच ऐकत नसे बिचारी.

आम्ही विचारलं, की का? बाई म्हणाल्या, “चालत नाही.” बस. कारण त्यांनी कधी दिलं नाही. दोघींनी एकमेकींना धरून राहणं यात काहीतरी वाईट आहे, एवढंच आमच्या मनात बसलं. काय वाईट ते कळत नव्हतं, म्हणून तर जास्तच बसलं. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकताना मी कितीतरी वर्षं आधी मागे वळून बघायची. मुलींना हे शिकवायचं आणि त्याला चारित्र्य म्हणायचं!

स्वतःच्या घरीही त्यांचा हाच कारभार. रामबागेत त्या भाऊ आणि वहिनी यांच्याजवळ राहायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. भाऊ-वहिनी टॉकीजला निघाले की बाई बरोबर, आणि खुर्ची मधली. खजरान्याच्या गणपतीला जायचं तर टांग्यात मागच्या सीटवर भाऊ एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये ताठ पाठीने बाई. अख्खी रामबाग हसायची. भाऊ सज्जन, काही बोलत नसत. वहिनींनी एकदा आईला हळदीकुंकवाच्या वेळी सांगितलं, “लग्नाला इतकी वर्षं झाली हो, पण ह्यांच्याशेजारी बसून मी एक सिनेमा बघितला नाही.” आई घरी येऊन ते सांगताना हसत होती. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, “मी तर असल्या नणंदेला उठवून दुसऱ्या रांगेत बसवली असती.”

माझी मैत्रीण होती फिलोमिना. आम्ही सगळे फिलू म्हणायचो. गोव्याकडची. तिचे वडील होळकरांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. संस्थान गेलं, बँडही मोडला, तेव्हा ते मुंबईला एका हॉटेलात वाजवायला गेले आणि फिलू आईबरोबर इंदूरलाच राहिली. दुसऱ्या तासाला ती चॅपलमध्ये जायची, मी वर्गात. तास सुटला की बाईंची नजर चुकवून आम्ही कमानीखाली भेटायचो. ती मला कॅटेकिझममधले प्रश्न विचारायची आणि मी तिला मॉरल सायन्समधले, नि दोघी पोट धरून हसायचो. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती. तिचं मराठी इंदूरच्या बाजारात शिकलेलं. “तेरी आई मला देवघरात येऊ देणार काय गं?” असं ती विचारायची, आणि मी म्हणायची, “आधी ओसरीवर तर ये.”

आली ती ओसरीवर. आधी तिचा कप वेगळा होता, कान तुटलेला, कोनाड्यात ठेवलेला. आईनेच ठेवलेला. मग कधीतरी तो कप बाकीच्या कपांत मिसळला. आईने मिसळला की चुकून मिसळला गेला, हे मी कधी विचारलं नाही.

आम्ही मॅट्रिकच्या वर्गात गेलो त्या वर्षी फिलूच्या आईला क्षय निघाला. राऊच्या बाजूच्या सॅनिटोरियममध्ये तिला ठेवलं. वडिलांनी मुंबईहून कळवलं, की मला काम सोडून येता येत नाही, मुलीचं काय करायचं ते मदर ठरवतील. मदर म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्य नन, आयर्लंडकडच्या, गोऱ्या, वयस्कर. फिलू फुकट शिकत होती, तेव्हा तिची पालकही आता मदरच. दोनच मार्ग होते. एक, नागपूरच्या पलीकडे नन्सचं एक अनाथ मुलींचं बोर्डिंग होतं, तिथे धाडायचं. दुसरा मार्ग आईने काढला.

“आई तिकडे राऊला पडलीय आणि पोरीला एवढ्या लांब धाडता?” आई बाबांना म्हणाली. “राहू दे आपल्याकडे. मॅट्रिक होईल, दर रविवारी आईला बघून येईल. माझ्या स्वयंपाकघरात ती आली तर देव काय उठून पळणार आहेत?”

आमच्या आईने हे म्हणावं, यावर माझा विश्वास बसेना. बाबांनी चष्मा काढून पुसला. ते हो म्हणाले, मदरना जाऊन सांगून आले. मदरही खूश झाल्या. फिलूने माझ्या खोलीत तिची ट्रंक आणून ठेवली. माझ्या खाटेशेजारी आईने तिच्यासाठी दुसरी खाट घातली, नवीन नवार विणून घेतली. दर रविवारी आई आणि फिलू बसने राऊला जायच्या, पितळी डब्यात मुगाचं कढण घेऊन.

मग दिवाळी आली आणि बाबांचा ग्वाल्हेरला जायचा दिवस आला. होल्डॉल बांधायचं काम चाललेलं, दाराशी टांगा उभा. तेवढ्यात बाई आल्या. छत्री मिटून दारात उभ्या राहिल्या, आत बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“ती ख्रिश्चन मुलगी तुमच्या मुलीच्या खोलीत झोपते म्हणे.”

“हो. का?” बाबा म्हणाले.

“दोघीच?”

“दोघीच. अजून कोण असणार? घरात मुली दोनच.”

“चालत नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “दोन मुली एका खोलीत, आणि तिसरी नाही. बिलकुल चालत नाही. मी मदरशी बोलले आहे. त्यांनाही पटलं.”

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. गाडी गाठायची होती. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच दिसलं, आणि पुढे त्यांनी ते सांगितलंही. हा मिशनचा नियम असणार. त्यांच्या धर्मातलं काहीतरी असणार, आणि मुलगीही त्यांच्या धर्माची. आपण मध्ये कशाला पडा? सरकारी माणूस. ते म्हणाले, “मदरना पटलं असेल तर आमचं काय?”

आई आतून ओरडली, “अहो, एकदा विचारा तरी त्यांना जाऊन!” पण टांगेवाला भिया हाका मारायला लागला होता आणि बाबा गेले. कचेरी ग्वाल्हेरला चालली होती. कचेरी कोणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः शाळेत गेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मदरना हिंदी येतं हे ठाऊक नव्हतं, आणि मदरच्या खोलीच्या दाराशी बाई उभ्या होत्या. बाईंनी तिला अतिशय सभ्यपणे सांगितलं, की निर्णय झालेला आहे, मदरना त्रास देऊ नका. आई परत आली आणि फिलूचे कपडे घडी घालून तिच्या ट्रंकेत ठेवायला लागली.

फिलू त्याच आठवड्यात गेली. तिला शेवटचं राऊला नेलं तेही मदरनी पाठवलेल्या सिस्टरबरोबर. स्टेशनवर निरोप द्यायला मी गेले, तर माझ्याबरोबर नलू होती. बाईंनी धाडलेली. फिलू खिडकीतून माझा हात धरून रडत होती, आणि शेजारी नलू, बिचारी, दुसरीकडे तोंड करून उभी. “मी परीक्षेला येणार इथेच,” फिलू म्हणत होती. “सांग ना मदरला. मम्मीला सांग मी येणार.” मी हो हो म्हणत होते.

संक्रांतीनंतर थंडीत फिलूची आई गेली. माझी आई रविवारचं राऊला जात होती, पण फिलूची आई गेली त्या दिवशी रविवार नव्हता. नर्स सकाळी खाटेशी आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. तार गेली. बोर्डिंगमधून फिलूला घेऊन यायला कोणी मोकळं नव्हतं, ती आली तोवर माती होऊन गेली होती. ती आमच्या घरी आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि एकच विचारत राहिली, “मम्मीने मला हाक मारली असेल काय?” आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. संध्याकाळी सिस्टर तिला घेऊन परत गेली. मॅट्रिकला ती बसली नाही. बोर्डिंगमध्येच शिवणाच्या खोलीत लागली, पुढे नर्स झाली, इंदूरला कधी परत आली नाही. खूप वर्षांनी मी तिला नागपूरला भेटले तेव्हा केस पांढरे, हसणं तेच. बाईंचं नाव मी काढलं तर म्हणाली, “छोड ना.” ती सोडून देऊ शकते. तिचा तो हक्क आहे. मी सोडलेलं नाही.

बाबांची कचेरी इंदूरला परतली त्या उन्हाळ्यात एक दिवस मदर आमच्या घरी आल्या. हातात आईचा पितळी डबा. सॅनिटोरियमच्या सामानात राहिलेला, कोणाचा ते शोधून काढून त्यांनी स्वतः परत आणून दिला. आईने सरबत केलं. मदर आईला कळावं म्हणून मिशनच्या हिंदीत बोलत होत्या, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत.

“आपने उस बच्ची के लिए बहुत किया,” त्या म्हणाल्या. “मुझे दुख है कि वह यहाँ नहीं रह सकी। लेकिन आपके रिवाज का मान रखना था।”

बाबा म्हणाले, “कौनसे रिवाज का?”

“दो लड़कियाँ अकेली नहीं रहतीं। तीन चाहिए। हमें मालूम है, आप लोगों में यह बहुत… बहुत ज़रूरी है।”

मग बाबा हळूच म्हणाले, “मदर, ये हमारा रिवाज नहीं है. हम तो समझे, ये आपके चर्च का है.”

मदरचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं ते असं. कॉन्व्हेंटमध्ये ज्या तरुण मुली नन व्हायला येतात, त्यांना असा नियम असतो. दोघींनी फार सलगी करायची नाही, फिरताना तिघींनी फिरायचं. कारण त्यांनी सगळ्यांवर सारखं प्रेम करायचं असतं. त्या नवीन मुलींना हिंदी शिकवायला बाई जायच्या. तिथे त्यांनी हे ऐकलं असणार. शाळेतल्या मुलींना तिघी-तिघींनी फिरवायला लागल्या तेव्हा नन्सना वाटलं, मराठी ब्राह्मण घरांत मुलींना असंच जपतात. त्यांना ते कौतुकाचं वाटलं. त्यांनी मान दिला. आणि आमच्या आईबापांना वाटलं, नन्सचा धर्म. त्यांनीही मान दिला. दोन्ही बाजू एकमेकींचा आदर करत राहिल्या आणि त्या आदराखाली फिलू गेली.

कोणी कोणाला विचारलं नाही! एवढ्या वर्षांत, एवढ्या शिकलेल्या माणसांत, एकानेही नाही. आई विचारायला गेली होती, तर तिला इंग्रजी येत नव्हतं आणि दाराशी बाई होत्या. बाबांचा मला राग आला, मदरचा आला, पण ते दोघं निदान त्या दिवशी मान खाली घालून बसले होते. मी चपला घातल्या नि रामबागेत गेले.

दुपारची वेळ. ओसरीत वहिनी सुपात गहू पाखडत होत्या, भिंतीपासून लांब स्टुलावर बाई ताठ बसलेल्या. शाळेला सुट्टी होती, तरी अंगावर तीच पांढरी साडी.

“बाई, तो नियम कोणाचा?” मी म्हटलं.

“बस आधी. पाणी घे.”

“तिघींचा नियम. कोणाचा?”

“चांगला नियम आहे.”

“मदर म्हणतात त्यांचा नाही. बाबा म्हणतात आमचा नाही.”

“मग?” बाई म्हणाल्या. “मी कोणाला सांगितलं त्यांचा म्हणून? मी कभी झूठ नाही बोलले. मी म्हटलं, चालत नाही. चांगली गोष्ट दिसली तर किसकी है ते विचारत बसायचं का? घ्यायची.”

ही गोष्ट खरी होती. त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

“फिलूची आई गेली, बाई.”

“माहीत आहे. मी चॅपलच्या बाहेर उभी राहून हात जोडले.”

“तिच्याजवळ कोणी नव्हतं. सकाळी नर्सला कळलं. आणि फिलू तिकडे, कोणाला ओळखत नाही, कोणी तिची भाषा बोलत नाही. ती तिकडे एकटी आणि आई इकडे एकटी. दोघी चालत नाहीत ना तुम्हाला? मग एकटी चालते?”

वहिनींचं सूप थांबलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता कळलं. आता काहीतरी म्हणतील, रडतील, रागावतील तरी. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात आम्ही सोप्या प्रश्नाचं उत्तर चुकलो की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, तेच आलं.

“एकटीला कसली भीती गं?” त्या म्हणाल्या. “एकटीचं काय वाईट होतं?”

त्या खरंच विचारत होत्या. वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, “तू घरी जा, बाळा. वन्संकडून तुला काही मिळायचं नाही. मी इतकी वर्षं बघतेय.” बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या स्टुलावरून उठल्या आणि मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं.

“एकटीच आलीस ना?” त्यांनी विचारलं.

मी फाटकाची कडी काढली.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झटकून टाकला. इतक्या जोरात, की त्यांची बोटं फाटकाच्या लोखंडावर आपटली. वडीलधाऱ्या माणसाचा हात मी आयुष्यात एकदाच असा झटकला आहे, आणि त्याचं मला आजवर क्षणभरही वाईट वाटलेलं नाही.